एका मोटारीची वंशावळ

काशीस गेलेल्या मराठी माणसाला एक अनुभव बहुधा चुकत नाही. घाटाच्या वाटेला तो लागतो न लागतो तोच कोणीतरी त्याला आडनाव विचारतो, मूळ गाव विचारतो, आणि घटकाभरात त्याला एखाद्या क्षेत्रोपाध्यायाच्या ओसरीवर नेऊन बसविण्यात येते. तेथे कापडात गुंडाळलेल्या लांबट वह्यांची चळत असते. गाव कोणते, कूळ कोणते, गोत्र कोणते, एवढे विचारून उपाध्याय पाने उलटू लागतात. एका वहीत सापडले नाही तर दुसरी काढतात. अखेर एका पानावर बोट थांबते, आणि कित्येक वर्षांपूर्वी यात्रेस आलेल्या पणजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर पुढ्यात येतो. आपण कोण, कोठले, बरोबर कोण होते, कोणाच्या अस्थी घेऊन आलो, एवढेच त्यात असते. जुना लेख मोडीत असतो, शाई विटलेली असते, पण अक्षर ज्याचे त्याचे असते. ज्या माणसाचे साधे छायाचित्रही घरात नाही त्याच्या हाताचे वळण पाहून यात्रेकरू क्षणभर गप्प होतो. मग उपाध्याय लेखणी पुढे करतात आणि म्हणतात, "आता आपला लेख लिहा."

या वह्यांचे काही अलिखित नियम आहेत. ज्याचा लेख त्याने आपल्या हाताने लिहावा, हा पहिला. एकदा लिहिलेले पान फाडू नये, हा दुसरा. आणि मृत्यूची नोंद जन्माच्या नोंदीइतक्याच निष्ठेने करावी, हा तिसरा. या तीन नियमांच्या बळावर कागदाचे हे गठ्ठे पिढ्यान् पिढ्या विश्वासास पात्र राहिले. कुळाकुळांमधील वादात त्यांची साक्ष काढली गेली, ती याच विश्वासापोटी.

काशीच्या याच घाटांवरून गंगेच्या पलीकडच्या तीरावर दृष्टी टाकली म्हणजे रामनगरचा किल्ला दिसतो. चुनारच्या दगडात बांधलेला हा किल्ला अठराव्या शतकातील काशीनरेश बलवंतसिंह यांचा. त्याच्या काही दालनांत आज संग्रहालय आहे. हत्तींच्या अंबाऱ्या, पालख्या, मेणे, जुनी शस्त्रे यांच्याबरोबरच तेथे राजघराण्याच्या जुन्या मोटारीही मांडलेल्या आहेत. त्यांतील बहुतेक अमेरिकन. प्रेक्षक येतात, काचेतून डोकावतात, आणि दोन प्रश्न विचारतात: ही किती वेगाने धावत असेल, आणि हिची किंमत काय असेल? ही कोणी घडविली, कोणाकोणाच्या हातून गेली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आणि नवल असे की जुन्या मोटारींच्या जगात आज सर्वांत महत्त्वाचा मानला जाणारा प्रश्न हाच आहे. युरोप-अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत त्याभोवती एक स्वतंत्र शास्त्रच उभे राहिले आहे. ते शास्त्र म्हणजे काय, हे एका इटालियन मोटारीच्या वंशावळीवरून आपण पाहू.

उत्तर इटलीत मोडेना नावाचे जुने शहर आहे, आणि त्याच्या जवळच मारानेल्लो हे गाव. १८९८ साली मोडेना येथे जन्मलेल्या एन्झो फेरारी यांनी प्रथम आल्फा रोमिओ या कंपनीच्या मोटारी शर्यतींत पळविल्या, १९२९ साली स्वतःचा शर्यत-संघ काढला, आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ साली, स्वतःच्या नावाची पहिली मोटार बाहेर काढली. लोकांसाठी मोटारी विकायच्या त्या शर्यतींचा खर्च भागविण्यासाठी, असा त्यांचा खाक्या होता. १९६२ साली त्यांच्या कारखान्यातून जी मोटार बाहेर पडली तिचे नाव २५० जी.टी.ओ. नावातील आकडा समजावयास सोपा आहे. तिच्या इंजिनाला बारा नळकांडी होती, आणि प्रत्येकाचे आकारमान सुमारे २५० घन सेंटिमीटर होते. बारांचे मिळून तीन लिटरांना थोडे कमी. शक्ती सुमारे ३०० अश्वशक्तीची. पुढील तीन अक्षरे 'ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो' या इटालियन शब्दांची आद्याक्षरे होत. लांबच्या प्रवासाची, परंतु शर्यतीस अधिकृत मान्यता मिळालेली मोटार, असा त्यांचा अर्थ.

या 'मान्यते'मागे एक गमतीदार कथा आहे. ज्या वर्गाच्या शर्यतींत ही मोटार उतरावयाची होती त्या वर्गाचा नियम असा की, एका नमुन्याच्या निदान शंभर मोटारी तयार झाल्या पाहिजेत. फेरारींनी १९६२ ते १९६४ या काळात तीन लिटरांच्या अशा मोटारी घडविल्या अवघ्या छत्तीस. मग मान्यता मिळाली कशी? ही मोटार नवी नव्हेच, आमच्या आधीच्याच नमुन्याला केवळ नवे अंग चढविले आहे, असा युक्तिवाद त्यांनी केला, आणि तो मान्य झाला. आज या मोटारीला जे दुर्मीळपण आले आहे त्याचे मूळ एका नियमाच्या अशा सोयीस्कर अर्थात आहे.

परंतु दुर्मीळपणा केवळ संख्येवर अवलंबून नसतो. या मोटारींचा सांगाडा पोलादी नळ्या एकमेकींस जोडून केलेला असे, आणि त्यावरील अ‍ॅल्युमिनियमचे अंग मोडेना येथील सर्जिओ स्कालिएत्ती यांच्या कर्मशाळेत कारागीर हातोडीने ठोकून घडवीत. काशीच्या ठठेरी बाजारात किंवा पुण्याच्या तांबट आळीत ज्याने भांड्यांचे काम पाहिले असेल त्याला हे सहज कळेल. एकाच कारागिराने घडविलेले दोन हंडे दिसावयास सारखे, पण हात फिरविला तर वेगळे. तसेच या मोटारींचे होते. कोठे हवेची झडप बोटभर पुढे, कोठे मागच्या अंगाची वळणाची रेषा किंचित निराळी. यंत्रयुगातील वस्तू असूनही प्रत्येकीला स्वतःची चेहरेपट्टी होती. आणि प्रत्येकीच्या सांगाड्यावर एक क्रमांक कोरलेला असे. तेच तिचे नाव, तेच गोत्र. त्या काळी फेरारींच्या कारखान्यात रस्त्यावरच्या व प्रवासी वर्गाच्या मोटारींना विषम क्रमांक देत, आणि निव्वळ शर्यतीसाठी बांधलेल्यांना सम. आपल्या कथेतील मोटारीचा क्रमांक आहे ३८५१.

१९६२ च्या सप्टेंबरमध्ये ही मोटार तयार झाली. तिचा पहिला धनी जो श्लेसर नावाचा फ्रेंच शर्यतपटू. मोटार हाती आल्यावर काही दिवसांतच त्याने ती फ्रान्सभर फिरणाऱ्या एका मोठ्या शर्यतीत उतरविली. 'तूर द फ्रान्स' हे नाव आपण सायकलींच्या संदर्भात ऐकतो, परंतु मोटारींचीही त्याच नावाची शर्यत त्या काळी होत असे. अनेक दिवस, हजारो किलोमीटर, वाटेत बंदिस्त धावपट्ट्या आणि डोंगरांचे चढ. या शर्यतीत श्लेसरचा जोडीदार होता हेन्री ओरेये.

या ओरेयेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आल्प्स पर्वतातील वाल दिझेर या गावचा हा पुत्र. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सत्तेविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच प्रतिकार-दलात तो होता. १९४८ साली स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरून घसरण्याच्या शर्यतींत त्याने दोन सुवर्णपदके आणि एक कांस्यपदक मिळविले. बर्फावरील वेग पुरेसा न वाटून की काय, पुढे तो मोटारींकडे वळला. श्लेसर आणि ओरेये यांनी त्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळविला. कोऱ्या मोटारीच्या वहीतील पहिली नोंद अशी यशाची झाली.

दुसरी नोंद मात्र मृत्यूची आहे. ७ ऑक्टोबर १९६२ रोजी पॅरिसजवळच्या माँलेरी येथील धावपट्टीवर ओरेये हीच मोटार चालवीत असता ती ताब्यातून सुटून आदळली आणि ओरेये प्राणास मुकला. त्याचे वय छत्तीस वर्षांचे होते. मोटार तयार होऊन पुरता महिनाही लोटला नव्हता. तिचा पहिला धनी श्लेसर हाही पुढे, १९६८ साली, रुआँ येथील शर्यतीत दुसऱ्या एका मोटारीला लागलेल्या आगीत मरण पावला.

आता असे पाहा की, आपल्याकडे एखाद्या वाहनात असा मृत्यू घडला तर ते वाहन अपशकुनी ठरते. धनी ते दूरच्या गावी विकतो आणि विकताना घडल्या गोष्टीचा उच्चार करीत नाही. या मोटारीच्या बाबतीत तसे झाले नाही. ती दुरुस्तीसाठी इटलीस परत गेली, तिचे मोडलेले अंग पुन्हा घडविण्यात आले, आणि १९६३ साली पाओलो कोलोम्बो या इटालियन शर्यतपटूने ती घेतली. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत वळणावळणांच्या रस्त्याने घड्याळाशी शर्यत करण्याचा एक प्रकार इटलीत लोकप्रिय होता. कोलोम्बोने त्या हंगामात ही मोटार अशा चढांवर पळविली. १९६४ साली ती एर्नेस्तो प्रिनोत याच्याकडे गेली. त्यानेही ती शर्यतींत वापरली. आणि १९६५ साली ती रोमच्या फाब्रित्सिओ विओलाती नावाच्या तरुणाच्या हाती आली.

तीन वर्षांत चार धनी. यात काही विशेष नव्हते. शर्यतीची मोटार हे त्या काळी हत्यार होते. नवे हत्यार निघाले की जुने टाकून द्यावयाचे. १९६५ साली २५० जी.टी.ओ. जुनी झाली होती. तिच्या पुढच्या नमुन्यांनी तिला मागे टाकले होते, आणि रस्त्यावर चालवावयास ती गैरसोयीची, गोंगाट करणारी व तापट होती. नवी असताना अमेरिकेत जिची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती तीच मोटार पुढील काही वर्षांत किरकोळ किमतीस मिळू लागली. विओलातीचे घराणे खनिज पाण्याच्या व्यवसायातले, संपन्न. त्याने शर्यतींच्या नादी लागू नये अशी घरच्यांची इच्छा. म्हणून त्याने ही खरेदी घरी कळू दिली नाही, आणि मोटार बाहेर काढायची ती रात्री. पुढे पंचेचाळीस वर्षे, म्हणजे २०१० साली मरण येईपर्यंत, त्याने ती सोडली नाही. सान मारिनो या चिमुकल्या देशात त्याने फेरारी मोटारींचे संग्रहालय उभारले आणि त्यात तिला मानाचे स्थान दिले. जुन्या मोटारींच्या शर्यतींत तो तिला उतरवीतही असे. ज्या वस्तूला जगाने मोडीत काढले होते तिला एका माणसाच्या हट्टाने वाचविले.

त्याच्या मृत्यूनंतर, ऑगस्ट २०१४ मध्ये, कॅलिफोर्नियात या मोटारीचा जाहीर लिलाव झाला. दलालीसह जी किंमत आली ती ३ कोटी ८१ लाख १५ हजार डॉलर. लिलावात विकल्या गेलेल्या कोणत्याही मोटारीला तोवर एवढी किंमत आली नव्हती. आता ज्या पुस्तिकेवरून हा लिलाव पुकारला गेला तिच्यात काय होते? श्लेसर, ओरेये, कोलोम्बो, प्रिनोत, विओलाती ही नावांची माळ होती, आणि माँलेरीच्या अपघाताची हकीकतही होती. अपघाताची नोंद असल्यामुळे किंमत कोसळली नाही. ती लपविली असती आणि मागाहून उघडकीस आली असती तर मात्र साऱ्या माळेवरचाच विश्वास उडाला असता. उपाध्यायांच्या वहीचा तिसरा नियम तो हाच.

येथे चिकित्सक श्रोत्याच्या मनात एक शंका उद्भवेल. अपघातात मोटार मोडली, तिचे पत्रे बदलले, काही भाग नवे आले. मग १९६२ ची मोटार ती हीच, असे कशावरून म्हणावयाचे? शंका रास्त आहे, आणि आपल्याकडे ती दोन हजार वर्षांपूर्वीची आहे. काशीपासून काही मैलांवर सारनाथ आहे, जेथे भगवान बुद्धांनी पहिला उपदेश केला. बौद्ध वाङ्मयातील 'मिलिंदपञ्हो' या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, महाराज, आपण पायी आलात की रथातून? राजा म्हणतो, रथातून. मग रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके, जू, लगाम, यांपैकी कोणता भाग रथ? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. शेवटी तो कबूल करतो की, हे सारे भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले म्हणजे व्यवहारात आपण त्याला रथ हे नाव देतो. रथाचे रथपण कोणत्याही एका लाकडात नाही.

जुन्या मोटारींच्या पारख्यांनी नागसेन वाचलेला नसेल, पण त्यांचा व्यवहार त्याच सिद्धांतावर चालतो. कोणताही एक भाग म्हणजे ती मोटार, असे ते मानीत नाहीत. ते साखळी पाहतात. सांगाड्यावरील क्रमांकाचे ठसे त्या काळच्या कारखान्यातील ठशांशी जुळतात काय? इंजिन, गिअरपेटी आणि मागचा आस यांवरील आकडे कारखान्याच्या जोडणीपत्रकातील आकड्यांशी जुळतात काय? कोणता भाग केव्हा बदलला, कोठे बदलला, बदलणाऱ्याचे बिल आहे काय? शर्यतींच्या जुन्या छायाचित्रांत दिसणारी झडप, दिवा, पत्र्याची पाचर आजच्या मोटारीत त्याच जागी आहे काय? देशाबाहेर गेली असेल तर जकातीचे कागद आहेत काय? जुन्या दुरुस्तीचे सांधे रंगाखाली सापडले तर पारखी नाराज होत नाही. नोंदीतला अपघात लोखंडाने कबूल केला, असे तो म्हणतो. भाग बदलूनही साखळी अखंड राहिली तर मोटार तीच, आणि सर्व भाग जुने असूनही साखळी तुटली तर संशय कायमचा मागे लागतो.

साखळी तुटली म्हणजे काय होते, याचेही एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. फेरारींच्याच कारखान्यात १९५४ साली ३७५ प्लस नावाच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शर्यतीच्या मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी ०३८४ या क्रमांकाची मोटार, क्रमांक सम म्हणजे निव्वळ शर्यतीची, कारखान्याच्या संघाने पळविली आणि पुढे अमेरिकेत विकली. १९५८ साली ओहायो राज्यातील एका गृहस्थाने ती घेतली. इंजिन नसलेली ती मोटार त्याच्या घरच्या आवारात वर्षानुवर्षे पडून होती. १९८० नंतरच्या दशकात तिचा सांगाडा आणि बरेच भाग तेथून चोरीस गेले आणि समुद्रापार बेल्जियममध्ये पोहोचले. तेथील एका प्रतिष्ठित संग्राहकाने ते विकत घेऊन मोटार नव्याने उभी केली. आता पेच असा पडला की सांगाडा एका खंडात, मूळ मालकीचा कागद आणि उरलेले काही सुटे भाग दुसऱ्या खंडात. एकच क्रमांक, आणि दोन घरांत त्याचे दावेदार. मूळ धनी मरण पावला, संग्राहकही मरण पावला, आणि भांडण वारसांकडे आले. अखेर दोन्ही पक्षांनी तडजोड केली. २०१४ साली इंग्लंडमध्ये ती एक कोटी पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. त्यानंतरही न्यायालयाची पायरी चढणे थांबले नाही. लोखंड खरे होते, क्रमांक खरा होता, परंतु वहीचे पान मधोमध फाटले होते.

किमती एवढ्या चढल्यावर खोट्याचा मोह होणारच. एखाद्या नष्ट झालेल्या मोटारीचा क्रमांक नव्या सांगाड्यावर कोरणे, किंवा एकाच मोटारीचे इंजिन एका सांगाड्यात आणि अंग दुसऱ्यावर चढवून एकीच्या दोन करणे, असे उद्योग झालेले आहेत. २०१९ साली इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने २५० जी.टी.ओ. ही मोटार कलाकृती म्हणून संरक्षणास पात्र असल्याचे मान्य केले आणि तिची हुबेहूब नक्कल काढण्यास मनाई केली. कारागिराच्या हातोडीने घडलेल्या पत्र्याला चित्र-शिल्पांच्या पंक्तीस बसविले गेले.

हे सारे दूर देशीचे झाले. आपल्या घरी काय स्थिती आहे? काशीच्या घाटांच्या रांगेत अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आहे. त्यांच्या दानधर्माच्या नोंदी आजही दाखविता येतात. त्याच होळकर घराण्यातील यशवंतराव हे १९२६ साली इंदूरच्या गादीवर आले. त्यांना आधुनिक कलेची विलक्षण दृष्टी होती. ब्रांकुशीसारख्या शिल्पकाराची शिल्पे त्यांनी घेतली, एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून माणिकबाग हा प्रासाद बांधून घेतला, आणि मोटारीही त्याच दृष्टीने निवडल्या. त्यांतील ड्यूझेनबर्ग ही मोटार जगप्रसिद्ध आहे. इंजिन व सांगाडा अमेरिकेत तयार झालेला, अंग लंडनच्या गर्नी नटिंग या कर्मशाळेत घडविलेले, आणि रंग केशरी व काळा. आज जगभरचे पारखी तिला 'महाराजा' या नावानेच ओळखतात. पण ती भारतात नाही. अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती ती केव्हाच गेली. तिची वही तेथे व्यवस्थित लिहिली जाते, एवढे समाधान.

मात्र प्रत्येक मोटारीच्या नशिबी एवढेही समाधान आले नाही. १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले, आणि वाड्यांच्या तबेल्यांतील मोटारी भराभर बाहेर पडल्या. कोणी चालकाला बक्षीस दिली, कोणी लोखंडाच्या भावाने विकली, कोणी लग्नाच्या वरातीला भाड्याने देणाऱ्याकडे गेली. एका मोटारीचे इंजिन पाण्याच्या पंपाला लागले, दुसरीच्या काचा तिसरीला बसल्या. यात अपराध कोणाचा म्हणावा? त्या काळी जुन्या मोटारीला किंमत नव्हती. रोमच्या विओलातीच्या मोटारीलाही ती नव्हती. फरक एवढाच की तेथे कागद फेकले गेले नाहीत. आपल्याकडे मोटार कशीबशी वाचली तरी तिचे नोंदणीपुस्तक, विम्याची पावती, आयातीचा दाखला, चालकाच्या रोजनिशीतील टिपणे ही रद्दीत गेली. माणसाच्या कुळाची वही आपण जपली, वस्तूच्या कुळाची वही असते हे मात्र आपल्या ध्यानीमनी आले नाही.

अलीकडे या बाबतीत थोडी जाग आली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटून गेलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्ही.ए.' ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. ही नोंदणी दहा वर्षे चालते. अशी वाहने रोजच्या किंवा धंद्याच्या वापरात आणता येत नाहीत. परंतु अर्जाबरोबर जुने नोंदणीपुस्तक मागतात, वाहन आयात केलेले असेल तर जकातीचा कागद मागतात. म्हणजे फिरून गाडी त्याच जागी येते. आजोबांनी कागद ठेवला असेल तर नातवाला वाट मोकळी होते.

कोणी म्हणेल, फेरारी आणि ड्यूझेनबर्ग ही राजेरजवाड्यांची व कोट्यधीशांची चैन. सामान्य माणसाने हे ऐकून काय करावे? त्याला माझे उत्तर असे की, एक इटालियन मोटार आपल्यापैकी पुष्कळांच्या घरीही होती. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९५० नंतरच्या दशकात तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीतील तुरिन येथील फियाट कंपनीच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. पुढे तीच फियाट 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने घरोघर पोहोचली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणजे याच मोटारी. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने निरोप घेतला. कोणा डॉक्टरांची, कोणा शिक्षकाची, कोणा टॅक्सीवाल्याची ती पहिली मोटार होती. तिच्यातून वधू सासरी आली, आजारी माणूस इस्पितळात गेला, घरादाराने पंढरपूर आणि कोल्हापूर पाहिले. हजारोंच्या संख्येने असलेली ही मोटार आता वेगाने विरळ होत आहे. जी आज सर्वत्र आहे तीच उद्या दुर्मीळ होते, हे ३८५१ क्रमांकाच्या मोटारीने आपल्याला दाखविलेच आहे.

म्हणून ज्यांच्या घरी असे एखादे जुने वाहन असेल, मग ती मोटार असो, स्कूटर असो वा शेतावरचा ट्रॅक्टर असो, त्यांनी एक साधे काम करावे. एक वही घ्यावी. वाहनाचा सांगाडा-क्रमांक व इंजिन-क्रमांक तिच्यात उतरवावा. कोणी, केव्हा, कोठून घेतले ते लिहावे. जुनी बिले, पावत्या, छायाचित्रे तिच्यात चिकटवावी. कोणता भाग केव्हा बदलला ते लिहावे. आणि अपघात झाला असेल तर तोही लिहावा. वाहन विकले तर वही त्याच्याबरोबर द्यावी. तिची किंमत येईल किंवा न येईल, पण पन्नास वर्षांनी ते वाहन ज्याच्या हाती पडेल त्याला आपण कोणाचे वारस आहोत ते कळेल.

विओलातीने आपली मोटार पंचेचाळीस वर्षे सांभाळली, आणि अखेर तीही त्याच्या मागे राहिली. काशीत राहणाऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. मणिकर्णिकेवर रोज जे दिसते ते हेच सांगत असते. वस्तूचा धनी म्हणून आपण मिरवितो, परंतु दीर्घायुषी वस्तूच्या दृष्टीने आपण तिच्या वहीतील एक लेख आहोत, आधीच्या लेखाखाली आणि पुढच्या लेखाच्या वर. तो लेख आपल्या हाताने, सुवाच्य आणि खरा लिहावा, एवढेच आपल्या हाती असते.